चुलीवरची सायकल

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी आंदर मावळात नर्स होते. लोणावळ्यात बंगले असलेल्या सधन मंडळींनी एक दवाखाना कमिटी काढली होती. उन्हाळ्यात हवा खायला आणि पावसाळ्यात ढग बघायला येणाऱ्या या मंडळींना एके वर्षी वाटलं, की आसपासच्या खेड्यांसाठीही काही करावं. असं बऱ्याच जणांना वाटतं. यांचं वाटणं हवा बदलून परत गेल्यावरही टिकलं, हे विशेष. त्यांनी पुण्यात सुईणपण शिकलेली एक नर्स नेमली, ती मी, आणि तिला फिरायला एक सायकल दिली. सायकल विकत घेतलेली नव्हती. खंडाळ्याचा बंगला सोडून विलायतेला परत जाणाऱ्या कुणा मडमेची ती होती. बोटीवर न्यायला जड आणि घरात ठेवायला अडचण, म्हणून तिचं दान झालं. आपल्याकडची बरीच दानं अशीच होतात.

सायकल बायकी होती आणि पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. मधली दांडी खाली झुकलेली, मागच्या चाकावर झगा अडकू नये म्हणून दोऱ्यांची विणलेली जाळी. नऊवारी नेसणाऱ्या बाईला यातलं काही लागत नाही. वजन मात्र असं, की ओढ्यातून खांद्यावर घेऊन जाताना मडमेच्या प्रकृतीबद्दल आदर वाटावा.

लोणावळ्याच्या बाजारात सायकली भाड्यानं देणारं एक दुकान होतं. सायकल चालवायला मी पुण्यातच शिकले होते, पण ती उघडायची कशी ते मी त्या दुकानात शिकले. मालक आधी तयार नव्हता.

"बाई, तुम्ही नुसती चालवा. खोलायची भानगड आमच्यावर सोडा."

"तुमचं दुकान आंदर मावळात आहे का?"

"नाही."

"मग?"

त्यानं हसून पाना माझ्या हातात दिला. चाकाच्या मधोमध जो तुंबा असतो, त्याच्या आत दोन्ही बाजूंना एकेक पोलादी वाटी असते. वाटीत ग्रीस, ग्रीसमध्ये गोल बसवलेले छर्रे, आणि त्यांना दाबून ठेवणारी कोनाच्या आकाराची एक चकती. बसणाऱ्याचा, पिशवीचा, सायकलीचा सगळा भार शेवटी त्या वाटाण्याएवढ्या छऱ्यांवर पेललेला असतो. मला हे फार ओळखीचं वाटलं. माणसाचा खुबाही असाच असतो, वाटीत गोळा आणि मध्ये ओलावा. तो ओलावा आटला की माणूसही कुरकुरायला लागतो.

आंदर मावळाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात मी राहायचे. घर एका विधवा शेतकरणीचं. सगळं गाव तिला मावशी म्हणे, म्हणून मीही. दिराच्या मदतीनं ती भाताची चार खाचरं करायची. ती मला 'बाई' म्हणायची आणि अहो-जाहो करायची. चिडली की मात्र अगं-तुगंवर यायची, आणि तेव्हाच ती मला जास्त आवडायची.

तिला एकच मुलगी. ती दिलेली होती मावळाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याच्या गावात. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, याच घरात झालं होतं आणि मूल मेलेलं जन्मलं होतं. मी तिथं जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. या वेळी सासरच्यांनी सांगून टाकलं होतं, "पहिलं तुमच्याकडं झालं, त्ये काय झालं त्ये दिसलंच. ह्या खेपंला हितंच." मावशीनं वाद घातला नाही. वाद घालायला तिच्याजवळ काही नव्हतं. तिनं मला फक्त विचारलं, "बाई, तुमी जाल न्हवं?" मी जाईन म्हणाले. दिवस कार्तिकात भरत होते.

पावसाळ्यात कमिटी मला लोणावळ्याला बोलावून घेत असे. आंदर मावळात त्या दिवसांत वाटच राहत नाही, सायकल तर दूरच. त्या वर्षीही मी ज्येष्ठात सायकल मावशीच्या पडवीत भिंतीला टेकवून गेले आणि दसरा झाल्यावर परतले.

निघायच्या आधी कमिटीच्या अध्यक्षांनी मला बंगल्यावर बोलावलं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले रावसाहेब होते. निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती.

"नर्सबाई, आपल्या कार्याला साजेसं वाहन हवं. ती सायकल शोभत नाही. आम्ही बैलांची हलकी डमणी करायची म्हणतो. वर छत, बाजूच्या फळ्यांवर संस्थेचं नाव आणि आश्रयदात्यांची नामावली."

सायकलीचा खरा दोष मला तेव्हा कळला. तिच्यावर नावं लिहायला जागा नव्हती.

"भात उभं असेपर्यंत खाचरांतून गाडीवाट नसते, रावसाहेब. सायकल बांधावरून जाते."

"मग भात निघाल्यावर जा."

बाळंतिणी भाताच्या कापणीकडे बघून थांबत नाहीत, असं मी म्हणाले नाही. नोकरी होती.

"तरीपण कुणी म्हणायला नको, की न बघता निर्णय घेतला," ते म्हणाले. "येत्या आठवड्यात आम्ही स्वतः येऊन त्या सायकलीचं निरीक्षण करू. निकामी असेल तर मोडीत काढू, आणि डमणी होईपर्यंत तुम्ही इथंच दवाखान्यात बसा."

गावी पोचले तर पडवीत सायकल नव्हती.

"सायकल कुठंय, मावशी?"

"हाय की. जपून ठिवलीया."

तिनं मला स्वयंपाकघरात नेलं आणि वर बोट दाखवलं. आधी मला काही दिसेना. मग धुरात डोळे सरावले. चुलीच्या बरोबर वर, तुळईला दोन दोरखंडांनी बांधून, चाकं खाली अशी सायकल टांगलेली होती. तिच्या एका अंगाला बियाण्याचं गाठोडं, दुसऱ्या अंगाला घोंगडी आणि बोंबलांची माळ.

आमच्या भागातला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना हे विचित्र वाटेल. तिथं चार महिने जमिनीवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला बुरशी येते. चपलांना येते, पोथीला येते, काडेपेटीतल्या काड्यांनाही येते. म्हणून जे जपायचं ते चुलीवर जातं. पुढच्या वर्षीचं भाताचं बी तिथंच तग धरतं. मावशीनं दिराला आणि त्याच्या मुलाला हाताशी धरून ते धूड वर चढवलं होतं. घरातल्या सगळ्यांत मानाच्या जागी तिनं माझी सायकल ठेवली होती.

"चार म्हैनं धूर दिलाय," ती म्हणाली. "गंजाचा ठिपका दिसला तर मला इचारा."

सायकल खाली उतरवली. गंजाचा ठिपका खरोखरच नव्हता. काजळीचा असा जाड लेप बसला होता, की गंजाला शिरायला वावच नव्हता. मडमेची हिरवी सायकल कोळशासारखी काळी झाली होती आणि तिला बोंबलांचा वास येत होता. मी ती उलटी उभी केली आणि पुढचं चाक फिरवलं. जात्यात खडे घालून दळावं तसा आवाज आला. मागचं चाक तर दोन फेऱ्यांतच थांबलं.

"मावशी, हिच्यातून काही गळत होतं का?"

"त्ये पिवळं व्हय? आखाडात लय गळलं. तव्यावर पडलं की चर्र करायचं. मी म्हनलं, गाडीला घाम फुटलाय. मग एकदाचं थांबलं. म्हनलं, बरी झाली."

मी कपाळाला हात लावला. चुलीच्या उष्णतेनं सगळं ग्रीस पातळ होऊन ठिबकून गेलं होतं, आणि जे थोडं राहिलं त्यात काजळी मिसळून त्याचा चिकट खळ झाला होता. वरून जपलेली सायकल आतून कोरडी पडली होती.

मावशीला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी चुकल्याचं कळलं, पण तिला दुसरीच शंका होती.

"बाई, त्ये कशाचं अस्तंय? चरबी-बिरबी तर न्हाई?"

"नाही. जमिनीतल्या तेलाचं असतं." मला तसं वाटत होतं. लोणावळ्याच्या दुकानातून आणलेल्या ग्रीसच्या डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"न्हाई, शिरावणी सोमवारी भाकरीवर पडलं हुतं, म्हून इचारलं."

मग मी तिला अध्यक्षांच्या येण्याचं सांगितलं, आणि सायकल मोडीत निघाली तर मला लोणावळ्याला बसावं लागेल तेही. डमणीचं वर्णन तिनं ऐकून घेतलं. छत, फळ्या, नावं. मग विचारलं, "मंजी कार्तिकात तुमी हितं नसाल?"

"सायकल गेली तर नसेन."

ती खाली बसली. थोडा वेळ चुलीतला जाळ मागंपुढं करत राहिली. मग पदर खोचून उठली, राखेची परडी आणि पाण्याचा हंडा घेऊन बाहेर आली आणि सायकलीवर सरळ पाणी ओतायला निघाली. मी हंडा धरला.

"पाणी आत गेलं की संपलंच, मावशी."

"अगं पर काळी ठिक्कर दिसतीया! त्यो सायेब बघंल काय? वरनंच बघंल न्हवं?"

तिचं खरं होतं. मी त्या रावसाहेबांना ओळखत होते. वरून बघण्यातच त्यांची हयात गेली होती. पण ती काजळी राखेनं निघणारी नव्हती. ओल्या लाकडांचा धूर आणि बोंबलांचं तेल मिळून तिला लाखेसारखी चमक आली होती. घासलेटात भिजवलेल्या चिंधीनंच ती सुटली असती. आणि घरात घासलेट होतं एक बाटली. गावातल्या दुकानात थेंब नव्हता, आणि नवा डबा कार्तिक सरल्याशिवाय येणार नव्हता. छर्रे आणि वाट्या धुवायच्या तर तेवढं सगळं लागणार होतं. बाहेर वापरलं तर आतल्यासाठी काही उरत नव्हतं.

मी तशी ठाम मताची बाई आहे, पण त्या वेळी मला ठरवता येईना. बाहेरून चकचकीत केली तर रावसाहेब तिला पास करतील, आणि कार्तिकात ती अर्ध्या वाटेत अडकेल. आतून नीट केली तर ती धावेल, पण माझ्याखाली राहीलच असं नाही. हा पेच फक्त सायकलीचा नसतो, हे मला तेव्हाही दिसत होतं. संस्था, सासर, नोकरी, सगळीकडे तोच आहे. पण असलं शहाणपण बाटलीत घासलेट वाढवत नाही.

मी पुढचं चाक सोडवलं, नट काढला आणि चकती फिरवून बाहेर घेतली. धुवायला भांडं मागितलं. मावशीनं परात दिली नाही. "चरबीचं हाय का न्हाई त्ये ठरू द्या आदी," म्हणत तिनं फुटक्या रांजणाचं खापर दिलं. खापरात छर्रे पडले. ते वाजले नाहीत, काळ्या गुळाला मुंग्या चिकटाव्यात तसे एकमेकांना चिकटून पडले. मी मावशीला वाटीतून बोट फिरवायला सांगितलं. तिनं फिरवलं. बोट कोरडं, खरबरीत, काळं होऊन बाहेर आलं. ते तिनं अंगठ्यावर चोळून पाहिलं. शेतकरीण होती, सुकलेल्या खाचराची माती ती अशीच चोळून बघायची.

"ह्ये माझ्या चुलीनं केलं?"

"जपायला म्हणून केलंत ना तुम्ही."

"त्ये मरू दे." ती उठून आत गेली आणि घासलेटाची बाटली घेऊन आली. "आत वता. त्यो सायेब करंल त्ये करंल. पर पोरीच्या वाटंवर ही बंद पडली, तर मी कुनाला त्वांड दावू?"

तो दिवस आम्ही ओसरीवर काढला. चिंधीच्या बोळ्यानं वाट्या पुसल्या, छर्रे एकेक करून धुतले. शस्त्रक्रियेची हत्यारं मांडतात तसे ते मी पांढऱ्या फडक्यावर उन्हात सुकायला मांडले. माझ्या शिक्षणाचा तेवढाच भाग तिथं उपयोगी पडला. आणि त्याचाच तोटाही झाला. पांढऱ्या फडक्यावर चमकणारे ते दाणे पाहून मावशीची तांबडी कोंबडी आली, मान तिरकी केली आणि एक छर्रा टिपून गिळून मोकळी झाली.

"हाड! हाड गं भवाने!" मावशी झाडू घेऊन धावली. कोंबडी परसात पळाली आणि तिथून आमच्याकडे अपमान झाल्यासारखी बघत राहिली.

"येक कमी चालंल का?" मावशीनं धापा टाकत विचारलं.

"चालतं कधीकधी. पण मग बाकीच्यांवर भार येतो."

"व्हय. घरात बी तसंच अस्तंय."

ती जरा वेळ कोंबडीकडे बघत उभी राहिली. तीच एक अंड्यावर होती. मुलीला बाळंतपणात द्यायला मावशी तिची अंडी भुशात जपून ठेवत होती, हे मला माहीत होतं. तरी तिनं कोंबडी धरली. मी दुसऱ्या चाकाकडे तोंड केलं. इतकी वर्षं रक्त पाहूनही कोंबडीचं मला बघवत नाही. थोड्या वेळानं मावशी ओला हात पुढे करून आली. कोंबडीच्या पोटात पथरी असते, बारीक खडे साठवून त्यांनी ती दाणे दळते. तिथं छर्रा सापडला होता.

"घ्या. निस्ता धुऊन," ती म्हणाली. "आनि रातच्याला रस्सा खा. उगं वाया नगं."

मी वाट्यांमध्ये ग्रीस भरलं. भरपूर भरायचं, पण कोंबायचं नाही. त्यात छर्रे एकेक रुतवले. ग्रीस त्यांना धरून ठेवतं, म्हणून चाक उलटं केलं तरी ते पडत नाहीत. मग चकती फिरवत आणली, आणि खरं काम तिथून सुरू झालं. चकती जास्त आवळली तर छर्रे चिरडतात. सैल ठेवली तर चाक डुलतं आणि हळूहळू वाटी खातं. मधली जागा केसाएवढी असते. शिवाय बाहेरचा नट आवळला की ती आणखी थोडी घट्ट होते, म्हणून आधी किंचित सैल सोडावी लागते. हे सांगून येत नाही. आवळा, चाक हलवून बघा, पुन्हा सोडा, पुन्हा आवळा. माझ्या आयुष्यात मी लोकांना एवढ्या बेतानं कधी वागवलं असेन असं वाटत नाही.

बरोबर झालं की नाही ते ओळखायची एक सोपी रीत लोणावळ्याच्या दुकानदारानं सांगितली होती. चाकाला हवा भरायची नळी असते, तिचं वजन ते काय! पण आत सगळं नीट बसलं असेल, तर नळी बाजूला आणून चाक सोडलं की तेवढ्या वजनानंही चाक फिरायला लागतं. नळी खाली येते, पुढे जाते, मागे येते, झुलत झुलत सगळ्यांत खाली थांबते. मी चाक सोडलं. ते आधी काहीच करेना. मग इतकं हळू, की आपल्यालाच भास व्हावा, ते निघालं.

मावशी गुडघ्यावर हात ठेवून बघत होती. नळी थांबल्यावर तिनं वाकून चाकाच्या मागं पाहिलं.

"कुनी हात बी लावला न्हाई," ती म्हणाली.

बाहेरची काजळी तशीच राहिली. उरलेल्या चिंध्यांनी मावशीनं मूठ आणि बसायची जागा तेवढी पुसली.

रावसाहेब आले ते मोटार जिथवर येते तिथवर मोटारीनं, आणि पुढे गावानं पाठवलेल्या बैलगाडीत गालिचा घालून. शाळेपुढं आंब्याचं तोरण होतं. गवत कापायला निघालेली माणसं विळे काखेत धरून भाषणाला उभी होती. ग्रामोद्धार, स्वच्छता आणि सूतिकासेवा या विषयांवर रावसाहेब बोलले. सूतिका म्हणजे काय हे शेजारणीनं मावशीला विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "आसंल कायतरी पुन्याकडलं."

मग निरीक्षण झालं. रावसाहेबांनी सायकलीभोवती एक फेरी मारली, रुमालात बोट गुंडाळून दांडीला लावलं आणि काळा रुमाल बरोबरच्या चिटणीसांना दाखवला. मग घंटा वाजवली. घंटेतही काजळी बसली होती. ती 'थप्' अशी वाजली.

"ही आगीत सापडली होती काय?"

"चुलीत, रावसाहेब. म्हणजे चुलीवर. पण चाकं फिरवून बघा. नवीन असल्यासारखी—"

"चाकं फिरतातच, नर्सबाई. ते चाकांचं कामच आहे. प्रश्न दर्शनाचा आहे."

मागून मावशीचा आवाज आला. "सायेब, येकडाव बसून बघा की!"

माणसं हसली. रावसाहेब हसले नाहीत. "ही स्त्रियांची सायकल आहे."

"मंग बाईला बसू द्या!"

आता विळे धरलेली माणसंही मोकळी हसली, आणि तिथंच माझं नुकसान झालं. हसू झालेला मोठा माणूस मवाळ होत नाही. सायकल निकामी ठरली. डमणीचा ठराव त्यांनी उभ्याउभ्या सांगून टाकला. मी लोणावळ्याला जायची तयारी करावी, असंही ते म्हणणार होते, तेवढ्यात चिटणीसांनी हळूच विचारलं, की दवाखान्यातली खोली तर आपण संगीताच्या बैठकीसाठी दिली आहे, मग बाई बसणार कुठे? रावसाहेबांनी क्षणभर विचार केला.

"डमणी तयार होईपर्यंत चालू द्या," ते म्हणाले.

डमणीचा सांगाडा लवकरच झाला म्हणतात. अडलं ते फळ्यांवर. नामावलीत पहिलं नाव कुणाचं, यावर कमिटीत मतभेद झाले. ज्यांनी जास्त दिलं ते म्हणत आमचं, ज्यांनी आधी दिलं ते म्हणत आमचं. एकदा रंगवलेली नावं खरवडून काढली. मग कुणाच्या तरी नावामागची पदवी राहिली. लोणावळ्याहून येणारा प्रत्येक माणूस मला डमणीची खबर देई आणि मी मनापासून समाधान मानत असे. त्या वर्षी कमिटीतल्या मानापमानानं माझ्या बाळंतिणींची जेवढी सेवा केली, तेवढी कमिटीनंही केली नसेल.

कार्तिकात एका सकाळी मावशीच्या मुलीचा दीर बांधाबांधानं पळत आला.

"बाई, चला! वयनीला लय येळ झालाय. सुईन म्हनली, पाय दिसतुया, बाईला आना."

पायाळू. पहिलंही तसंच होतं, हे मावशीनं मला कधी सांगितलं नव्हतं. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी पिशवी बांधली आणि निघाले. मावशीही निघाली, पायी. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ती चपला हातात घेऊन चालत होती.

निम्मं भात कापलेलं, निम्मं उभं. गाडीवाट अजून मोकळी नव्हती. ज्या बांधांवरून मी गेले त्यांच्यावर दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत. दोन ठिकाणी ओढा आला, तिथं सायकल खांद्यावर घेतली. बाकी वेळ ती धावत होती, आणि तिचा आवाज येत नव्हता. टायर मातीवर घासतो तेवढाच, आणि पिशवीचा पट्टा वाजायचा तो. नीट चालणाऱ्या गोष्टींचं असंच असतं, त्या आहेत हे आपल्याला कळतच नाही. तसं मला हे सगळं नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त पुढचा बांध बघत होते आणि नाभीच्या नाळेचा विचार करत होते.

डोंगरावरच्या वाडीतली म्हातारी सुईण मुलीच्या उशाशी बसली होती. तिनं एक शहाणपणाची गोष्ट केली होती. तिनं काही ओढलं नव्हतं. "मी हात लावला न्हाई बाई. पोरीला दम धराया लावला," ती म्हणाली. मी हात धुतले. पुढचं इथं लिहायचं कारण नाही. अंग आलं, खांदे आले, डोकं यायला वेळ लागला. मूल निळं पडलं होतं. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, उलटं धरलं, फुंकर घातली. शिकवलेलं सगळं केलं आणि न शिकवलेलंही काही केलं. मग ते रडलं. पहिल्यांदा चिडल्यासारखं, मग सवय असल्यासारखं.

मी वेळेवर पोचले नसते तर काय झालं असतं, हे मला सांगता येत नाही. ती म्हातारी होती, कदाचित तिनंही निभावलं असतं. असल्या प्रसंगी आपणच वाचवलं असं म्हणणाऱ्या बऱ्याच नर्सा आणि डॉक्टर मी पाहिले आहेत. जे मुळात वाचणार होतं तेही ते आपल्या खात्यावर मांडतात.

मी बाहेर आले तेव्हा मावशी नुकतीच पोचली होती. अंगणात तुळशीपाशी उभी होती. पायांना चिखल, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, ओठ कोरडे पडलेले. तिच्या विहिणीनं पाण्याचा तांब्या पुढे केला होता आणि मावशी तो घेत नव्हती. त्या भागात रीत होती, मुलीला जितंजागतं मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. लग्न झाल्यापासून मावशी या घरी दोन-तीनदा आली असेल, दर वेळी उंबऱ्याबाहेर बसून, तहानलेली परत गेली होती. आज कुणी तिला अजून काही सांगितलं नव्हतं, आणि तीही विचारत नव्हती.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मुलगी झाली," मी म्हणाले. "दोघी बऱ्या आहेत. रडली, ऐकू आलं नाही का?"

"आलं," ती म्हणाली. "पर म्हनलं, श्येजारचं आसंल."

तिनं तांब्या घेतला आणि तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. मग पदरानं तोंड पुसून विहिणीकडे वळली.

"आता भाकर बी वाढा, इहीनबाई," ती म्हणाली. "लय चाललीया मी."